न फोडलेला दगड

माझा कान चुकला नव्हता, हे आधी सांगून टाकतो. गावात कुजबुज आहे की एकनाथ पाथरूट सदुसष्टचा झाला, त्याला आता दगडाचा आवाज नीट येत नाही. येतो. चांगला येतो. पारावर बसून माझ्या माघारी काय बोलता तेही ऐकू येतं.

आमचं काम दगडाचं. कातळवेढ्याच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाची खाण आणि खाली ओढ्याकाठी आमची अकरा घरांची पाथरूटवस्ती. घडीव दगड भिंतीत बसवायच्या आधी घरातला वडीलधारा तो वाजवून बघतो. हातोडीचे तीन ठोके. धडधाकट दगड खणखणीत बोलतो, आतून सडलेला बद्द वाजतो. दगड पास झाला की त्यावर छन्नीने घराची खूण टाकायची. आमची खूण म्हणजे दोन आडव्या रेघा आणि खाली एक टिंब. ती पडली की त्या दगडाला घर जबाबदार, माझ्यामागे माझं पोरबाळ जबाबदार.

आणखी एक नियम आहे. खूण टाकायच्या आधी दर खेपेतला एक दगड घणाने फोडायचा आणि आत बघायचं. दगड मजबूत आहे का, ते वाजवून कळतं. तो कुठला आहे आणि त्याने काय सोसलंय, ते फोडल्यावरच कळतं. खेप कुणीही आणलेली असो, एक दगड जायचाच. हा नियम मी आयुष्यात एकदा मोडला.

गावाला पाणी पुरवणारा बंधारा आमच्या वस्तीच्या बरोबर डोक्यावर आहे. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या बापाने आणि चाळीस माणसांनी तो दगड-चुन्यात बांधला. यंदा त्याला ऐंशी वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यातून टिपूसभर पाणी गळलं नाही. लहानपणी मी त्या भिंतीवर बापाच्या खुणा मोजत बसायचो, आणि पुढे माझी प्राजू बसायची.

प्राजक्ता, माझी एकुलती एक. ती नऊ वर्षांची असताना तिची आई, शालन, खाणीत खडी भरता भरता उन्हाने पडली. त्या सालच्या मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. आईचं डोकं मांडीवर घेऊन टेम्पोत प्राजू बसली होती. तिथून पुढे पोर माझ्याबरोबर खाणीतच वाढली. दहाव्या वर्षी डोळे मिटून दगड ओळखायची. "नाना, ह्यो उत्तरेच्या कडेचा," असं म्हणायची आणि तो तिथलाच निघायचा. पुढे शिकली, पुण्याला गेली, दगडांचीच डॉक्टर झाली आणि तिथल्याच एका कंपनीत लागली. मी गावभर पेढे वाटले होते.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ती ओट्यावर चहा पीत बसली आणि तिने मलाच विचारलं, "नाना, मुरूम कसा होतो?"

मी म्हटलं, "आता लेक बापाची परीक्षा घेणार का?"

ती हसली आणि तिने समजावून सांगितलं. दगड दिवसा तापतो, रात्री आकसतो. त्याला केसाएवढ्या चिरा पडतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. हे झालं नुसतं मोडणं. मोडून दगड बारीक होतो, त्याची माती होत नाही. माती व्हायला दगडाचं अंग बदलावं लागतं आणि ते काम पाणी करतं. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन किंचित आंबट होतं, सोड्याच्या बाटलीसारखं. ते चिरांमध्ये शिरून दगडातला चुना आणि लोह सोडवतं. लोहाला गंज चढतो, म्हणून मुरूम तांबूस दिसतो. सुटलेल्या चुन्याशी हवेतला कार्बन बांधला जातो आणि जमिनीत चुनखडीचे खडे तयार होतात. आपण नांगरताना वैतागतो तेच खडे.

"म्हणजे दगड झिजला की हवा साफ होते," ती म्हणाली. "जग तापतंय ते याच कार्बनमुळे. पण दगड झिजायला दहा-दहा हजार वर्षं लागतात."

"आन तुमच्या कंपनीला किती लागत्यात?"

"दोन."

त्यांनी एक जिवाणू तयार केला होता. दगडाचा चुरा शेतात पसरायचा, त्यावर हा जिवाणू पाण्यातून शिंपडायचा. तो आंबटपणा सोडत दगड खातो, हवेतला कार्बन बांधतो आणि वर शेताला सकस मातीही मिळते. दह्यासारखं थोडं टाकलं की सगळीकडे पसरतं, म्हणून गावोगावी त्याला विरजण म्हणायला लागले.

मी विचारलं, "आन त्यानं बंधारा खाल्ला मंग?"

"दोन कारणांनी नाही खाणार. एक तर चुऱ्याला अंग जास्त, अखंड दगडाला कमी. मूठभर चुरा पसरला तर खोलीभर होतो. अखंड दगडात त्याला शिरायला वाटच नसते. आणि दुसरं म्हणजे त्याला लगाम आहे. त्याला जगायला जस्त लागतं. आपण पिकाला झिंक मारतो ना, तेच. आम्ही फवारलं तर तो जगणार, थांबलो की आठ दिवसांत मरणार."

मला पटलं. लेकीचं बोलणं ऐकताना छातीही फुगली होती, खोटं कशाला सांगू?

गावाला मात्र पटेना. कंपनीची माणसं मोठ्या पडद्यावर आलेख दाखवून गेली. लोकांनी आलेख बघितले, चहा घेतला आणि नकार दिला. शेवटी सरपंच वैशालीताई औटी ग्रामसभेत म्हणाल्या, "आम्हाला त्या रेघांमधलं काय कळत नाय. दगडातलं एकनाथनानांना कळतं. विरजणात बुडवलेला दगड आणा, नाना वाजवतील. ते खूण टाकत असतील तर आमचा होकार."

महिन्याभराने प्राजू तीन दगड घेऊन आली. दोन वर्षं विरजणाच्या हौदात होते, म्हणाली. वरून पिवळट गाळ लागलेला. शाळेच्या पटांगणात सतरंजीवर दगड मांडले, सगळं गाव गोल करून बसलं. मी पहिला वाजवला. देवळातल्या घंटेसारखा. दुसरा तसाच, तिसरा तर दोघांपेक्षा सरस.

माझा चुलतभाऊ दशरथ घण घेऊन उभाच होता. त्याला नियम माहीत. तो म्हणाला, "नाना, कुठला फोडू?"

मी प्राजूकडे बघितलं. ती गाळाने भरलेले हात पुसत होती.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "लेकीच्या हातचा दगड कोन फोडून बघतं?"

सगळे हसले. टाळ्याही पडल्या. मी तिन्ही दगडांवर खूण टाकली आणि गावाने होकाराचा अंगठा उठवला. त्यातले दोन दगड ग्रामपंचायतीच्या दाराशी बसवले आणि एक मी घरी आणून ओट्यावर ठेवला. रोज सकाळी त्याच्यावर बसून दात घासायचो.

पहिल्या वर्षी बाजरीची कणसं हातभर झाली. दुसऱ्या वर्षी कंपनीने शिंपण थांबवलं. काम झालं, म्हणाले. विहिरीचं पाणी जडावलं, चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरायला लागला. चुना सुटतोय, म्हणजे काम नीट चाललंय, असं प्राजू फोनवर म्हणाली. मी तसंच गावाला सांगितलं.

यंदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी बंधाऱ्यावरून खाणीकडे निघालो होतो. हातात हातोडी होती. चालता चालता भिंतीवर ठोके मारत जायची माझी पोरवयापासूनची सवय. पहिला ठोका बद्द वाजला. मला वाटलं, दगडावर माती असेल. हाताने पुसून पुन्हा मारला. बद्द. पुढचा बद्द. त्याच्या पुढचा बद्द. मग मी पळत सुटलो, या वयात, ठोके मारत. ऐंशी वर्षं बोलत आलेली भिंत त्या टोकापासून या टोकापर्यंत मुकी झाली होती.

मधल्या भागात माझ्या बापाची खूण होती. मी तिच्यावर नुसता अंगठा ठेवला आणि पापुद्रा सुटून खूण माझ्या तळहातावर आली. दोन रेघा आणि टिंब, बोटभर जाडीचं, खालून तांबूस. मी ते सावरायला गेलो तर तेही चुरगळलं. मी तिथेच बसून रडलो. बाप गेला तेव्हाही असा रडलो नव्हतो.

डोळे पुसले आणि मग डोकं चालायला लागलं. बंधारा सडला, तर मी वाजवलेले तीन दगड खणखणीत कसे होते? ते तर विरजणाच्या हौदातच होते. घरी आलो, ओट्यावरचा दगड अंगणात लोटला आणि घण घातला. दोन घावांत दोन फाका झाल्या.

आतून दगड निळा-काळा, लखलखीत. अगदी कडेपर्यंत. अहो, साधा दगड दोन वर्षं ओल्यात पडला तरी त्याला कडेने नखभर तांबूस साल धरते. याला सालच नव्हती. आणि मधोमध तांदळाच्या कणीसारखे हिरवट ठिपके होते. असे ठिपके पंचक्रोशीत एकाच जागी सापडतात, आमच्याच खाणीत, उत्तरेच्या कडेला. आमचा सगळ्यात गोड वाजणारा दगड तो. दहा वर्षांच्या पोरीला मीच शिकवलं होतं ते.

मी फोन लावला. एवढंच म्हणालो, "प्राजू, ये. दगड फोडलाय."

तिने काही विचारलं नाही. चार तासांत तिची गाडी दारात होती. ती अंगणात आली आणि दोन फाकांकडे बघत त्यांच्यापाशी उकिडवी बसली.

"खरे दगड कुठं हायेत?" मी विचारलं.

"एक चांगला होता. दुसरा बद्द वाजत होता." तिने फाकेच्या कडेवरून बोट फिरवलं. "तिसऱ्याचा हौदातून काढतानाच मुरूम झाला."

"म्हंजी तुला ठावं व्हतं."

"काळ्या दगडातही कणभर जस्त असतं, नाना. काही जिवाणू ते चाटायला शिकले. फवारणीची गरजच उरली नाही त्यांना. उन्हाने दगडाला चीर पडते, ते चिरेत शिरतात, आतून खातात, चीर रुंदावते. मग आणखी आत जातात. मोडणं आणि झिजणं एकमेकांना ढकलत राहतं."

"मला शिकवू नको आता. तुला हे कुनी करायला लावलं? तुझ्या सायबानं?"

तिने मान हलवली. "नाही. साहेब म्हणाले होते, अजून एक वर्ष थांबू. मीच म्हणाले, थांबायला नको, गावाला दाखवायचे दगड मी बघते." मग तिने वर बघितलं. "मी दगड आणले त्या वर्षी उन्हाने किती माणसं गेली, आठवतंय ना तुम्हाला? रोज बातम्या लागल्या की मला टेम्पोतली आई दिसायची. एक वर्ष थांबायचं म्हणजे आणखी तितक्याच आया. आज सातशे गावांत विरजण आहे. जगभर असं काम चाललंय. हवेतला कार्बन यंदा पहिल्यांदा वाढला नाही, नाना. पहिल्यांदा. आणि बंधाऱ्याला चाळीस वर्षं तरी काही होणार नाही असा माझा अंदाज होता."

"तवर मी मेलेला असतो."

ती हळूच म्हणाली, "हो."

कदाचित तिचं गणित बरोबरही असेल, मी अडाणी माणूस. पण जगासाठी काहीतरी पणाला लावायचं होतं, तर तिने गावाला उघड विचारायचं होतं. तिने माझा कान वापरला. माझ्या कानाला काय गोड लागतं ते तिला एकटीला ठाऊक होतं, आणि तेच तिने सतरंजीवर आणून मांडलं. परक्याने फसवलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो. हिच्या अंगावर कसा धावणार?

"सोमवारी कालव्याचं आवर्तन सुटणार हाये," मी म्हणालो. "बंधारा काठोकाठ भरंल. भिंत ऱ्हायची नाय. खाली अकरा घरं हायेत."

आवर्तन तिच्या ध्यानात नव्हतं. पण लगेच सावरली, कामाच्या माणसासारखी. "त्याच्या आत भिंतीला वाट पाडून पाणी काढून देऊ. मी माणसं आणते, सगळं करते. फक्त विरजणाचं नाव नको. ते बाहेर आलं तर सातशे गावांतलं काम एका दिवसात बंद पडेल. चार महिने द्या मला, आम्ही त्यावर उतारा शोधतोय."

"आन गावाला काय सांगू?"

"सांगा की बंधारा जुना झाला. आणि दगडांचं कुणी विचारलंच तर..." ती थांबली. "सांगा, वय झालं, तेव्हा कान चुकला. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही, नाना."

मी उठून घरात गेलो. पाणी प्यायलो. बाहेर आलो नाही.

शुक्रवारी दुपारी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. त्याच सतरंजीवर मी दोन फाका ठेवल्या आणि शेजारी बंधाऱ्याचा टोपलीभर भुगा. भिंत सडली आहे, सोमवारच्या आत फोडावी लागेल, एवढं मी सांगितलं. एकच गलका झाला. गलका शांत करून वैशालीताई म्हणाल्या, "नाना, तुम्हीच वाजवून खूण टाकली होती. तुमच्यावर कुणाचा राग नाय. वयाप्रमाणं कान जातात. तसं काही झालं का?"

बाईंचं मन मोठं. त्यांनी मला आयती वाट काढून दिली होती. प्राजू कोपऱ्यात उभी होती. माझ्याकडे बघत होती, अगदी लहानपणी बघायची तशी.

"कान चुकला नाय," मी म्हणालो. "दगड बदलले व्हते."

"कुणी?"

मी थांबलो. मुद्दाम थांबलो. मला वाटलं, ती बोलेल. एक शब्द बोलली असती, 'मी' एवढाच, तर मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो असतो. गावाची सगळी बोलणी दोघांनी मिळून खाल्ली असती. मी डोळे मिटून वाट बघितली. पटांगणात कुणीतरी खोकलं, दशरथने घण एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. ती बोलली नाही.

"माझ्या लेकीनं," मी म्हणालो.

सभा मोडल्यावर ती गाडीपाशी उभी होती. कुणी तिच्या जवळ जात नव्हतं, शिव्याही देत नव्हतं. मी गेलो.

"तुम्ही सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंत, नाना," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. फसवणूक झालेल्या माणसाचा असतो तसा राग.

"खूण टाकायच्या आधी फोडायचं असतं, प्राजू. मी दोन वर्षं उशीर केला."

ती गाडीत बसली. काच वर केली.

शनिवार-रविवार गावातल्या प्रत्येक घरातलं माणूस बंधाऱ्यावर होतं. पहारीची गरजच पडली नाही, खोऱ्याने ओढलं तरी दगड निघत होते. माझ्या बापाने चाळीस माणसांनिशी दीड वर्ष रचलेली भिंत आम्ही दोन दिवसांत मधोमध उघडली. सोमवारी कालव्याचं पाणी आलं, मोकळ्या वाटेने ओढ्यात उतरलं आणि वस्तीच्या कडेने निघून गेलं. अकरा घरांपैकी एकाचाही उंबरा भिजला नाही.

पुढच्या महिन्यात सातशे गावांमधलं विरजण बंद झालं. उतारा सापडला की नाही, मला ठाऊक नाही. यंदाचा मे पुन्हा कडक गेला आणि पलीकडच्या वस्तीवर एक बाई उन्हाने गेली. त्या दिवशी मी जेवलो नाही. प्राजूचा फोन कधीमधी येतो. "जेवलात का?" विचारते. मी "व्हय" म्हणतो. त्या दिवशीही तेच म्हणालो.

आता नवा बंधारा बांधायचं ठरलंय, विरजण पोचलं नाही अशा वरच्या अंगाला. गावाने खूण टाकायचं काम पुन्हा मलाच दिलं. मी नको म्हणत होतो, पण ऐकेनात. परवा दशरथ पहिली खेप घेऊन आला. आमच्याच खाणीतला दगड, त्याने स्वतः काढलेला, स्वतः ट्रॅक्टरमध्ये भरलेला. मी एकेक वाजवत गेलो. सगळे खणखणीत. मग मी घणाकडे हात केला.

दशरथ हसला. "नाना, घरची खेप हाये ही. माझ्यावर बी इस्वास नाय का?"

आम्ही दोघं एका ताटात जेवून मोठे झालो. माझ्या लग्नात त्याने माझा शेला धरला होता, शालनला खांदा दिला होता.

"नाय," मी म्हणालो.

त्याचं हसू गेलं. त्याने घण माझ्या हातात दिला आणि बाजूला झाला. मी खेपेतला सगळ्यात देखणा दगड निवडला आणि घाव घातला. दगड उघडला. आत निळा-काळा, अगदी कडेपर्यंत, मधोमध हिरवे ठिपके. जसा असायला हवा तसा.

चांगला दगड होता. फुकट गेला.